स्वयंचलित गिअरपेटीतील तेल : निवड आणि बदल

बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात सायंकाळी अडकलेल्या मोटारीचे इंजिन चालू असते, चाके मात्र थांबलेली असतात. हाताने गिअर टाकावयाच्या मोटारीत अशा वेळी चालकाला डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो. चार हात पुढे सरकावे, थांबावे, पुन्हा क्लच दाबावा, असा क्रम तासभर चालला की पोटरी भरून येते. स्वयंचलित गिअरपेटीने हे श्रम चालकाच्या पायावरून उतरविले. ते नाहीसे मात्र झाले नाहीत. पेटीत भरलेल्या काही लिटर तेलावर ते येऊन पडले. या तेलाला सामान्य वंगण समजण्याची चूक अनेक मोटारमालक करतात, आणि तिची किंमत काही वर्षांनी गिअरपेटीच्या दुरुस्तीच्या बिलात मोजतात.

इंजिनातील तेल मुख्यतः झीज थांबविते. स्वयंचलित गिअरपेटीतील तेल त्याखेरीज आणखी तीन कामे करते, आणि त्यांतील पहिले काम शक्ती वाहून नेण्याचे होय. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या झोताने दुसराही फिरू लागतो. हवेऐवजी तेल घेतले आणि पंखे एका बंद भांड्यात बसविले की टॉर्क कन्व्हर्टरची कल्पना येते. एक पंखा इंजिनाला जोडलेला असतो, दुसरा गिअरांना. दोहोंच्या मध्ये वळणदार पात्यांचे तिसरे चक्र असते; ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, आणि त्यामुळे मोटार जागची हलताना इंजिनाचा फिरविण्याचा जोर जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. ही युक्ती मोटारीसाठी निघालेली नव्हे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. बाष्प-टर्बाइनाची अतिशीघ्र गती आणि जहाजाच्या पंख्याची मंद गती यांची सांगड त्याला घालावयाची होती. मोटारीत ती व्यापारी प्रमाणावर रुळावयास पुढे काही दशके लागली. जनरल मोटर्सची ‘हायड्रामॅटिक’ ही मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली स्वयंचलित गिअरपेटी १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी बाजारात आली. तिच्यातही इंजिन आणि गिअर यांना जोडणारा दुवा तेलाचाच होता.

दुसरे काम दाबाचे. पेटीतील पंप तेलाला दाबाखाली अरुंद वाटांतून व झडपांतून ढकलतो, आणि त्या दाबानेच आतील क्लच आवळले किंवा सोडले जातात. चालकाच्या हाताचे काम येथे तेल करते. तिसरे काम उष्णता वाहून नेण्याचे. त्याचा विचार पुढे येईल.

आता घर्षणाविषयी. तेलाच्या निवडीचे सारे मर्म येथेच आहे. गिअरपेटीतील क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात आणि त्यांवर कागदासारख्या तंतुमय द्रव्याचे अस्तर असते. गिअर बदलताना या चकत्या क्षणभर एकमेकींवर घसरतात व मग घट्ट बसतात. तेल फार निसरडे असेल तर त्या घसरतच राहतील व अस्तर जळेल. तेल फार कमी निसरडे असेल तर शेवटच्या क्षणी त्या झटक्याने पकडतील, आणि मोटारीला धक्का किंवा थरथर जाणवेल. म्हणजे तेलाने घसरू द्यावयाचे, परंतु ठरावीक मर्यादेपर्यंतच. हे गणित साधण्यासाठी तेलात अल्प प्रमाणात अशी द्रव्ये मिसळावी लागतात की ज्यांचे रेणू चकतीच्या पृष्ठभागाला चिकटून तेथे एक अतिशय पातळ थर करतात.

या द्रव्यांचा एक जुना उगम ऐकून आजच्या वाचकाला नवल वाटेल. जनरल मोटर्सने १९४९ साली ‘टाइप ए’ या नावाने स्वयंचलित गिअरपेटीच्या तेलाची जी विनिर्देशपत्रिका काढली, तिच्यानुसार बनलेल्या तेलांत स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई. त्याचे रेणू वस्तुतः मेणाच्या जातीचे; धातूला चांगले चिकटणारे आणि उष्णतेला बऱ्यापैकी टिकणारे. दक्षिण समुद्रातील देवमासा मारला जात होता तो अमेरिकन मोटारींचे गिअर अलगद पडावेत यासाठीही. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाचा समावेश धोक्यात आलेल्या प्राण्यांत केला, आणि तेल बनविणाऱ्यांना दुसरी द्रव्ये शोधावी लागली. सुरुवातीच्या काही पर्यायांनी तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे झाळकाम कुरतडले, म्हणून सूत्र पुन्हा बदलावे लागले. एक घटक बदलताच दूरच्या दुसऱ्याच भागाचे आयुष्य कसे बदलते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

फोर्ड कंपनीने १९६०च्या दशकात नेमकी उलट वाट धरली. तिच्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये नव्हती, कारण तिच्या क्लचांना जोरकस पकड हवी होती. दोन्ही तेले तांबडी, दोन्ही सारखीच दिसणारी. परंतु एकीच्या पेटीत दुसरे ओतले की बिघाड ठरलेला. तांबडा रंग हा गुण नव्हे. इंजिनाच्या तेलापासून हे तेल ओळखू यावे आणि गळती कोठून होते ते समजावे, एवढ्यासाठीच तो घातलेला असतो.

आज निवड अधिकच गुंतागुंतीची झाली आहे. जुन्या ‘डेक्सरॉन-३’ जातीच्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला सुमारे साडेसात सेंटिस्टोक असे. अलीकडच्या अनेक तेलांची ती साडेपाच ते सहाच्या आसपास ठेवलेली असते, कारण पातळ तेल घुसळण्यात कमी इंधन खर्ची पडते. जाड तेलासाठी बांधलेल्या पेटीत पातळ तेल घातले तर दाब कमी पडतो. पातळ तेलासाठी बांधलेल्या पेटीत जाड तेल घातले तर झडपा मंदावतात. बंगळूरजवळ बिडदी येथे टोयोटा आणि किर्लोस्कर समूह यांचा १९९७ साली स्थापन झालेला मोटार-उद्योग आहे. (किर्लोस्कर हे नाव नांगर आणि पंप यांमुळे मराठी घरांत पोचलेले, दक्षिणेत ते मोटारीवरही दिसते.) त्या उद्योगाने २०१६ साली बाजारात आणलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या स्वयंचलित पेटीसाठी ‘डब्ल्यू. एस.’ हे पातळ जातीचे तेल नेमून दिलेले होते. याच कंपनीचे त्याआधीचे ‘टी-चार’ हे तेल त्याच्या जागी चालत नाही, मग दुसऱ्या कंपनीच्या तेलाविषयी बोलावयासच नको.

त्यातही ‘स्वयंचलित’ या एका शब्दाखाली आज निरनिराळी यंत्रे विकली जातात. पट्टा व कप्पी यांवर चालणाऱ्या, म्हणजे सी.व्ही.टी. पेटीत पोलादी पट्ट्याने कप्पीला घट्ट धरून ठेवावयाचे असते. तिला वेगळेच तेल लागते, आणि नेहमीचे तांबडे तेल तिच्यात घातल्यास पट्टा घसरून कप्पीवर चरे पडतात. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर भारतात लोकप्रिय झालेली ए.एम.टी. पेटी आतून साध्या हातगिअरांचीच आहे. क्लच दाबण्याचे काम तिच्यात एक यंत्रणा करते एवढेच. तिच्या दंतचक्रांना साध्या गिअरपेटीचे तेल लागते. दुहेरी क्लचच्या पेट्यांची कथा आणखी निराळी. २०१३ साली फोक्सवागेन कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख मोटारी परत बोलावल्या, आणि त्यांच्या सात गिअरांच्या पेटीतील कृत्रिम तेल काढून तेथे खनिज तेल भरले. उष्ण व दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत त्या कृत्रिम तेलामुळे पेटीच्या वीजपुरवठ्यात दोष उत्पन्न होऊ शकत होता. महागडे कृत्रिम तेल प्रत्येक ठिकाणी सरस, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

यास्तव निवडीचा नियम सरळ आहे: मोटारीच्या पुस्तिकेत जी विनिर्देशाची संज्ञा छापलेली असेल, तीच डब्यावर असली पाहिजे. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे सांगून दिले जाणारे डबेही मिळतात. त्यांतील काही खरोखर अनेक विनिर्देश पाळतात. परंतु डब्यामागील यादीत आपल्या पेटीची संज्ञा आहे का, आणि त्या संज्ञेला मोटार बनविणाऱ्याची मान्यता आहे की केवळ ‘योग्य’ असा शब्द लिहिला आहे, हे वाचून पाहावयास हवे. हे दोन दावे एक नव्हेत.

तेल केव्हा बदलावे हा प्रश्न अधिक वादाचा. कित्येक पुस्तिकांत ते ‘आजन्म’ टिकेल असे म्हटलेले असते. कोणाच्या जन्मापर्यंत, हे त्यांत सांगितलेले नसते. झेड.एफ. ही जर्मन कंपनी अनेक नामांकित मोटारींना गिअरपेट्या पुरविते. त्याच पेट्या वापरणारे काही मोटार-उत्पादक तेल बदलू नका म्हणतात, आणि झेड.एफ. स्वतः मात्र साधारणपणे ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर अथवा आठ वर्षे यांनंतर ते बदलण्यास सांगते. पेटी बनविणाऱ्याचे म्हणणे येथे अधिक वजनदार मानले पाहिजे.

बंगळूरात तर किलोमीटरांचे माप स्वतःच फसवे आहे. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत बंगळूरमध्ये १० किलोमीटर जाण्यास सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागल्याचे नोंदले आहे. पुणे फार मागे नाही, तेथे ३३ मिनिटे २२ सेकंद लागली. म्हणजे वेग ताशी साडेसतरा किलोमीटरांच्या जवळ. या वेगाने ४०,००० किलोमीटर होण्यास गिअरपेटी जवळजवळ २,३०० तास चालते. ताशी ६० किलोमीटरांच्या महामार्गावर तेवढ्याच अंतराला ६७० तासही लागत नाहीत. मार्गदर्शक अंक दोघांचा सारखाच दिसेल, परंतु शहरातील तेलाने साडेतीनपट काळ काम केलेले असेल.

आणि ते कामही अधिक कष्टाचे. महामार्गावर एक क्लच टॉर्क कन्व्हर्टरच्या दोन्ही पंख्यांना एकत्र सांधून टाकतो, आणि तेल घुसळणे थांबते. रांगत्या वाहतुकीत हा क्लच बहुधा सुटलेलाच राहतो. पंखे निरनिराळ्या वेगाने फिरतात, आणि त्यांच्या वेगांतील फरकाची सारी शक्ती उष्णता होऊन तेलात उतरते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, तेथील हवा सुखद आहे; म्हणून तेलही थंड राहत असेल असे वाटणे स्वाभाविक, पण ती उष्णता पेटीच्या आत जन्मते, आणि ती वाहून नेणारा वारा मोटार थांबलेली असल्याने मिळत नाही. पेटीचे नेहमीचे उष्णतामान ८० ते ९५ अंश असते. रसायनशास्त्रातील ढोबळ नियमाप्रमाणे दर दहा अंशांच्या वाढीला तेलाच्या ऑक्सिडीभवनाची गती दुपटीच्या आसपास जाते. ९५ वरून ११५ अंशांवर गेलेले तेल चौपट वेगाने जुने होते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत ‘खडतर वापर’ या मथळ्याखाली जी लहान अंतराची मुदत दिलेली असते, ती वाळवंटातील मोटारीसाठी आहे असे समजून वाचक ती ओलांडतो. थांबत-थांबत केलेला शहरी प्रवासही तिच्यात मोडतो.

प्रत्यक्ष बदलाची रीत. तळाचा बूच काढला की सर्व तेल बाहेर येते, हा गैरसमज आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि थंडाव्याच्या नळ्यांत पुष्कळ तेल राहून जाते. एका निचऱ्यात साधारणतः तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच निघते. समजा, दर वेळी ४० टक्के तेल बदलले गेले. पहिल्या बदलानंतर ६० टक्के जुने उरेल, दुसऱ्यानंतर ३६, तिसऱ्यानंतर २१.६. म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा निचरा करणे हा शांत आणि सुरक्षित मार्ग होय. तळाची पत्र्याची परात उघडता येत असेल तर गाळणी व गॅस्केट बदलावीत, आणि परातीतील चुंबक पाहावे. त्यावर काजळासारखी बारीक लोहपूड असणे नेहमीचेच. धातूच्या कपच्या दिसल्या तर मात्र केवळ तेल बदलून भागणार नाही.

पातळी जुळविणे हे यातील सर्वांत नाजूक काम. तेल तापले की फुगते. आठ लिटर तेल ५० अंशांनी तापले तर त्याचे आकारमान सुमारे ३०० मिलिलिटरांनी वाढते. यामुळेच पातळी कोणत्या उष्णतामानाला पाहावी हे उत्पादक ठरवून देतो, आणि नव्या पेट्यांत तेलमापक पट्टीही ठेवीत नाही. नेमून दिलेल्या उष्णतामानाला, इंजिन चालू असताना, बुचातून तेलाची बारीक धार ठिबकू लागली की पातळी बरोबर. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो. अधिक झाले तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही, तेव्हा दोन्ही चुकांचे फळ एकच. निघालेले तेल मोजून ठेवण्याची साधी सवय येथे फार उपयोगी पडते.

जुने तेल काढले आणि पेटीच बसली, अशा हकीकती गॅरेजांतून ऐकू येतात. त्या सर्वस्वी खोट्या नसतात. अस्तर आधीच झिजलेले असेल, तर जुन्या तेलात तरंगणारी त्याची पूडच कधीकधी थोडी पकड देत असते. नवे तेल ती धुऊन नेते आणि लपलेला आजार उघडा पडतो. तेल करपल्याच्या वासाचे आणि गिअर घसरत असतील, तर आधी पेटीची तपासणी करवून घ्यावी.

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या बेळ्ळंदूर आणि आउटर रिंग रोड परिसरात पूर येऊन अनेक मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. गिअरपेटीला श्वासासाठी एक लहान नळी असते, आणि तिच्यातून पाणी आत शिरू शकते. क्लचचे अस्तर कागदी जातीचे असल्याने ते पाणी पिऊन फुगते व चकतीपासून सुटते. पाण्यात बुडालेल्या मोटारीचे तेल दुधी-गुलाबी दिसले, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, इंजिन चालू न करता प्रथम ते काढावयास हवे.

निघालेले तेल कोठे जाते, हे गॅरेजवाल्याला विचारण्याचा अधिकार मोटारमालकाला आहे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा ठरतो, आणि २०२३ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल-उत्पादकांवरही आली आहे. नोंदणीकृत शुद्धीकरण केंद्रात त्यापासून पुन्हा वंगणाचे मूळ तेल काढता येते. गटारात ओतलेले तेल मात्र राजकालुव्यांतून शहराच्या तळ्यांत उतरते.