पॉवर सप्लायच्या डब्यात काय दडलंय?



मुलांना कॉम्प्युटर उघडून दाखवताना आपण प्रोसेसर, मेमरी समजावतो आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याबद्दल 'हा पॉवर सप्लाय' एवढंच सांगून पुढे जातो. पण विज्ञानाचा एक सुंदर धडा त्या डब्यातच आहे.

भिंतीवरच्या प्लगमधून 230 व्होल्टचा एसी प्रवाह येतो. चिप्सना लागतो 5 किंवा 12 व्होल्टचा डीसी. जुन्या, म्हणजे लिनिअर पद्धतीत लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करायचा आणि जास्तीचं व्होल्टेज उष्णतेच्या रूपात वाया जायचं. त्यामुळे डबा जड आणि गरम!

स्विचिंग पद्धतीत आधी एसीचा डीसी करतात. मग ट्रान्झिस्टर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरमधून पुढे पाठवतो. हा ट्रान्सफॉर्मर छोटा का चालतो? असं बघा, हौद भरायला सेकंदाला 50 खेपा करायच्या तर मोठा हंडा लागेल. हजारो खेपा जमल्या, तर तांब्याही पुरतो. शिवाय ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतो, म्हणून उष्णताही कमी.

1977 साली अमेरिकेत आलेल्या ॲपल टू मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याचा आवाज नको होता. म्हणून रॉड होल्ट यांनी त्यासाठी स्विचिंग सप्लाय बनवला. पुढे सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली, असं जॉब्ज म्हणत. पण 1962 च्या टेलस्टार उपग्रहात आणि 1972 च्या एचपी-35 कॅल्क्युलेटरमध्येही हे तंत्र होतंच. खरा बदल घडवला तो जास्त व्होल्टेज सोसणाऱ्या, वेगवान ट्रान्झिस्टर्सनी. ते स्वस्त झाले आणि हे तंत्र घरोघरी पोचलं. होल्ट यांचं काम उत्तमच होतं. पण शोध बहुधा अनेकांच्या खांद्यांवर उभा असतो, हे मुलांना आवर्जून सांगा.

वर्गात एक जुना जड ॲडॅप्टर आणि एक मोबाइल चार्जर मुलांच्या हातात द्या. वजनातला फरक तेच सांगतील.

मात्र एक सूचना पाळाच : पॉवर सप्लायचा डबा मुलांना उघडू देऊ नका. आतल्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. हा धडा बंद डब्यावरच शिकवायचा.