सुभग : शोध आणि ओळख

रायपूरसारख्या शहरातही जुन्या कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली सकाळी थोडा वेळ शांत उभे राहिले, तर वरून एक लांबलचक, गोड शीळ ऐकू येते. पक्षी मात्र दिसत नाही. हा सुभग. तो चिमणीएवढा, सुमारे १४ सेंटिमीटर लांबीचा असून त्याच्या पिवळ्या-हिरव्या रंगामुळे पालवीत बेमालूम मिसळून जातो. म्हणून त्याचा शोध कानांनी सुरू करावा लागतो.

आवाजाची दिशा कळली की झाडाचा एकच भाग निरखावा. वाऱ्याने सगळी पाने हलतात, पक्ष्यामुळे एखादीच डहाळी हलते. सुभग फांदीवरून फांदीवर उड्या मारत, प्रसंगी उलटा लटकून, पानांखालच्या अळ्या, किडे आणि कोळी टिपतो.

ओळखीची मुख्य खूण म्हणजे पंखांवरील दोन पांढरे पट्टे. चष्मेवाला हा पक्षीही पिवळा-हिरवा असतो; पण त्याच्या डोळ्यांभोवती पांढरे कडे असते आणि पंखांवर पट्टे नसतात. शिंजिराची मादी तिच्या लांब, बाकदार चोचीवरून वेगळी कळते. विणीच्या काळात सुभग नराची पाठ काळी होते. परंतु केवळ या काळ्या पाठीवर भिस्त ठेवणारा निरीक्षक हिवाळ्यात हमखास फसतो, कारण तेव्हा नरही मादीसारखा हिरवट दिसतो. अशा वेळी शेपटी पाहावी : नराची काळी, मादीची हिरवट.

बार आणि नवापारा या दोन वनग्रामांवरून नाव पडलेले बारनवापारा अभयारण्य १९७६ मध्ये स्थापन झाले. ते २०१२ मध्ये नव्या बलौदाबाजार जिल्ह्यात गेले. त्यापूर्वी ते रायपूर जिल्ह्यात होते. अशा जंगलांत सुभग इतर कीटकभक्षी पक्ष्यांच्या थव्यात सामील होतो. निखार किंवा नाचण दिसला, तर आसपास सुभगही शोधावा.

मे ते सप्टेंबर हा मुख्यतः त्याच्या विणीचा काळ. नर हवेत उंच उडी घेतो, पिसे फुलवून चेंडूसारखा होतो आणि गिरक्या घेत खाली उतरतो. फांदीच्या बेचक्यातील वाटीसारखे घरटे बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेले असते, त्यामुळे ते लाकडाच्या गाठीसारखे भासते. पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांखालील फांद्या छाटल्या जातात, त्या वेळी ही गाठ सहज नजरेतून सुटते. नर व मादी दोघेही अंडी उबवतात आणि पिलांना अळ्या भरवतात. चोचीत अळी घेऊन एकाच फांदीकडे पुनःपुन्हा जाणारी जोडी दिसली, की घरटे बहुधा तेथेच असते.