फरशीवरचे आरमार : कोणती जहाजे, कोणता काळ?

वाशिम जिल्ह्यातून मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून दूर. आपल्या मुलांनी पाहिलेले मोठे पाणी म्हणजे एकबुर्जीचे, नाहीतर कारंजाकडच्या अडाणचे धरण. तरी समुद्र आपल्या घरांना अगदीच परका नाही. १९९५ पर्यंत हजला मुंबईहून जेद्दापर्यंत जहाजाने जाता येत असे आणि त्या सफरीच्या आठवणी सांगणारे बुजुर्ग आजही अनेक घरांत आहेत. रोजच्या बोलण्यातही समुद्र आहे. ‘मौसम’ आणि ‘सुकाणू’ हे शब्द अरबीतून आले, तर ‘नाखवा’ फारसीतल्या नाखुदापासून आला.

या समुद्राची ओळख मुलांना घरबसल्या करून देणारा एक खेळ आहे. फरशीवर किंवा मोठ्या टेबलावर जहाजांच्या लहान प्रतिकृती मांडायच्या आणि ठरलेल्या नियमांनी त्या हलवत आरमारी लढाई खेळायची. जगभर हजारो लोक हा छंद जोपासतात. इंग्रज लेखक फ्रेड जेन यांनी १८९८ मध्ये अशा खेळाचे नियम प्रसिद्ध केले. जगातील युद्धनौकांची माहिती देणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथही मुळात या खेळाला जोड म्हणून निघाला. छंदिष्टांच्या गप्पांत एक प्रश्न नेहमीच येतो : तुमची आवडती जहाजे कोणती, आवडता काळ कोणता? आमचे उत्तर आम्ही येथे देत आहोत. पण आधी मुस्लिम घरात हमखास उठणाऱ्या दोन शंकांचा विचार करू.

फाशांचे काय?

पहिली शंका फाशांची. असे बहुतेक खेळ फाशांवर चालतात. नर्द, म्हणजे फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये सक्त मनाई आली आहे आणि बहुतेक उलेमा पैसा न लावताही तो टाळायला सांगतात. त्यावर तोड १९४० साली पुस्तकरूपाने आली. अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट यांच्या खेळात फासे नाहीत. तोफ डागणाऱ्याने शत्रूच्या जहाजाची दिशा आणि अंतर नुसत्या नजरेने ठरवून कागदावर लिहायचे. सर्वांचे लिहून झाले की मोजायचे. अंदाज बरोबर असेल तर गोळा लागला, नसेल तर पाण्यात पडला. येथे नशिबाला वाव नाही, काम नजरेचे आणि हिशेबाचे आहे. शिवणाच्या मशीनजवळची टेप यासाठी पुरेशी होते.

दुसरी शंका मूर्तींची. शिपायांचे, घोड्यांचे पुतळे घरात नकोत, असे मानणारी कुटुंबे आहेत. जहाज ही निर्जीव वस्तू आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. शिवाय जहाजे विकत घ्यावी लागत नाहीत. ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या आपल्या भागातील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या केल्या. त्याच धांड्याच्या आतल्या मऊ गरातून जहाजाचा सांगाडा होतो, झाडूची काडी डोलकाठी होते आणि जुन्या वहीचा कागद शीड होतो.

पहिली पसंती : गुराब आणि गलबत, १६७९

पहिला मान कोकण किनाऱ्यावरील गुराब आणि गलबत यांना. ‘गुराब’ हा शब्द अरबी ‘गुराब’ म्हणजे कावळा, यावरून आला. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. तिचा पुढचा भाग लांब आणि निमुळता असे. त्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत, बाकीच्या तोफा दोन्ही बाजूंना. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत, म्हणून वारा पडला तरी ते चालत राही. खेळात हा फरक फार रंगत आणतो. शिडाचे मोठे जहाज वाऱ्यावाचून जागीच डोलत राहते आणि गलबते त्याच्या तोफा नसलेल्या बाजूने जवळ सरकतात.

डाव खांदेरीचा मांडावा. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची कोंडी केली. १८ ऑक्टोबरला मराठा आरमार त्यांच्यावर चालून गेले. त्या आरमाराचा प्रमुख होता दौलतखान. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज मात्र टिकून लढले. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला आणि त्याने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडले. तरीही खांदेरी मराठ्यांकडेच राहिली, कारण रात्री लहान होड्या कोंडी चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठा किल्ल्यांत खांदेरीही आहे.

हा डाव घरात खेळावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. शाळेत, गल्लीत, मोबाईलवर मुलांच्या कानावर येते की इतिहासात एक बाजू ‘त्यांची’ आणि एक ‘आपली’ होती. खांदेरीच्या डावात जहाजे मांडायला घेतली की ही विभागणी टिकत नाही. दौलतखान मराठ्यांकडे, सिद्दी कासम समोर, आणि सिद्दीसोबत इंग्रज. ‘यात आपले कोण?’ असे मुलाने विचारले, तर घाईने उत्तर देऊ नये. त्यालाच एकदा दौलतखानाची आणि एकदा सिद्दीची बाजू खेळू द्यावी.

दुसरी पसंती : हजची जहाजे, १६९५

दुसरा काळ सुरतेच्या मोठ्या शिडांच्या जहाजांचा. ही जहाजे हाजी आणि व्यापारी माल घेऊन तांबड्या समुद्रापर्यंत जात. त्यांच्या मालकांत स्त्रियाही होत्या. जहांगीर बादशहाची आई मरियम-उज्‌-जमानी हिचे ‘रहीमी’ हे जहाज १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी पकडले, तेव्हा बादशहाने पोर्तुगिजांविरुद्ध कडक पावले उचलली. मुलींना हा खेळ फक्त भावांचा वाटू नये, यासाठी ही गोष्ट जरूर सांगावी.

सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परतत होते. ते ताफ्यापासून मागे पडले आणि हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने त्याला गाठले. जहाज मोठे होते आणि त्यावर तोफाही भरपूर होत्या. पण ऐन वेळी त्यावरची एक तोफ फुटली, मुख्य डोलकाठीवर गोळा बसला आणि चाचे जहाजावर चढले. प्रवाशांचे, विशेषतः स्त्रियांचे फार हाल झाले. ते मुलांना त्यांचे वय पाहून सांगावे. बादशहाच्या संतापापुढे इंग्रज कंपनीला पुढे हजच्या जहाजांना संरक्षण देण्याचे मान्य करावे लागले.

हा डाव खेळताना चाच्याची बाजू कोणत्याही मुलाला देऊ नये. ती पंचाने चालवावी. मुलांनी ताफ्याची जहाजे आपसांत वाटून घ्यावी. वेगवान जहाज पुढे निघून जाते आणि मागे राहिलेले एकटे पडते, हे दोन-तीन चालींतच त्यांच्या लक्षात येते.

तिसरी पसंती : एका तोफेची ‘बेंगॉल’, १९४२

वाफेच्या आणि पोलादाच्या काळात बहुतेक छंदिष्टांना प्रचंड युद्धनौका आवडतात. आम्ही मात्र एका लहान नौकेला पसंती देतो. ‘बेंगॉल’ ही तेव्हाच्या हिंदी नौदलाची सुरुंग काढणारी नौका, लांबी अवघी ५७ मीटर आणि मोठी तोफ एकच. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ती ‘ओन्दिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होती. समोर ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ ही दोन सशस्त्र जपानी जहाजे आली, प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. ‘ओन्दिना’ला निसटायला वेळ मिळावा म्हणून ‘बेंगॉल’ सरळ शत्रूवर चालून गेली. ‘ओन्दिना’नेही आपल्या एका तोफेने मारा केला. ‘होकोकू मारू’ पेटली आणि बुडाली. ‘ओन्दिना’चा कप्तान मारला गेला, पण ‘बेंगॉल’ आणि ‘ओन्दिना’ दोन्ही शेवटी बंदरात पोचल्या.

ही जहाजे १:१२०० या प्रमाणात करावी. मग ‘बेंगॉल’ पाच सेंटिमीटरहून थोडी कमी भरते आणि ‘होकोकू मारू’ तेरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. दोन्ही शेजारी ठेवली की धैर्य कशाला म्हणतात, ते मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या काळी रत्नागिरीकडच्या कोकणी मुस्लिम घरांतून कितीतरी माणसे खलाशी, तांडेल, सारंग म्हणून सागरी जहाजांवर होती, हेही येथे आठवावे.

जिंकले कोण?

आमच्या तिन्ही पसंतींत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक डावात कुणाला तरी काहीतरी सुखरूप पोचवायचे आहे : बेटावर रसद, सुरतेला हाजी, बंदरात तेलाचे जहाज. म्हणून गुण बुडवलेल्या जहाजांवर देऊ नयेत, ते पोचलेल्या जहाजांवर द्यावेत. हा एक नियम बदलला की खेळच बदलतो. मोबाईलवर दिवसभर नेम धरून माणसे पाडणारा मुलगा येथे सोबतच्या जहाजासाठी थांबायला शिकतो. सूरह बकराच्या १६४ व्या आयतमध्ये माणसांच्या उपयोगाचे घेऊन समुद्रात चालणाऱ्या जहाजांची गणना अल्लाहच्या निशाण्यांत केली आहे. जहाज कशासाठी आहे, याचे उत्तर त्यात आले.

बाकी नियम थोडे आहेत. वारा कोणत्या चालीत कुठून वाहील, ते पंचाने आधीच कागदावर लिहून घडी घालून ठेवावे, म्हणजे चिठ्ठ्या काढण्याचीही गरज नाही. पंच म्हणून नानी किंवा दादी उत्तम, त्यांच्या निर्णयावर कुणी हुज्जत घालत नाही. अंदाज सेंटिमीटरमध्ये लिहावा आणि तो जहाजाच्या पाच सेंटिमीटरच्या आत पडला तर गोळा लागला असे धरावे. तीन गोळे लागले की जहाज थांबते. डाव बारा चालींचा ठेवावा. मगरिबची नमाज झाल्यावर मांडलेला डाव मग ईशाच्या अजानपूर्वी सहज आटोपतो.