तीन ते सहा : कायद्याबाहेरची वर्षे

पानिपतजवळच्या काला अंबला महाराष्ट्रातून येणारा पाहुणा १७६१ च्या रणभूमीचे दर्शन घेतो, स्मारकापाशी क्षणभर नतमस्तक होतो आणि दिल्लीची वाट धरतो. मी या वेळी तेथे वेगळ्याच प्रश्नासाठी थांबलो. तीन वर्षांच्या मुलाला कोठे घालावे, हे या परिसरातील कुटुंबे कशी ठरवतात? राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या जिल्ह्यात सूत, चादरी आणि गालिचे तयार होतात. ते तयार करणारे हात बरेचसे उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले आहेत.

सूतगिरणीत काम करणाऱ्या एका जोडप्यापुढे दोन पर्याय होते. घराजवळची अंगणवाडी विनाशुल्क, शिवाय तेथे आहारही मिळतो. दुसरीकडे दोन खोल्यांतले ‘प्ले स्कूल’ : भिंतीवर कार्टून, पोरांच्या हाती पेन्सिल आणि मासिक शुल्क. त्यांनी दुसरे निवडले. इंग्रजीचे आकर्षण हेच कारण असणार, असे आपण शिकलेली माणसे लगेच ठरवून टाकतो. ते होतेही, पण वडिलांनी आधी सांगितले ते वेगळेच : ‘‘वहाँ शाम तक रख लेते हैं.’’ अंगणवाडी दुपारीच बंद होते, आईची पाळी संध्याकाळी संपते. मधले तास कोणी सांभाळायचे? अनेक घरांत त्याचे उत्तर थोरली बहीण असते, आणि मग तिची शाळा बुडते. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ची घोषणा २२ जानेवारी २०१५ रोजी याच पानिपतातून झाली होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

याला पालकांची ‘निवड’ म्हणणे मला अवघड वाटते. शासनाने जी जागा मोकळी सोडली, तेथे बाजार आला, एवढेच.

ही जागा मोकळी कशी राहिली? १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानले; त्याला खालची वयोमर्यादा घातली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हा हक्क सहा ते चौदा या वयापुरता केला आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ असे म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलम तर शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ असे म्हणून थांबते. करू शकेल, म्हणजे न केले तरी चालेल. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत सर्वांना बालशिक्षण देण्याचे वचन दिले. पण धोरणातील वचन घेऊन कोणाला न्यायालयात जाता येत नाही.

मराठी वाचकाला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे उभे केले, त्याचे सूत्रच असे होते की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली ती त्यांच्या कामाचे तास पाहून. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, देशभर सुमारे चौदा लाख अंगणवाड्या झाल्या. अंगण हा शब्द त्यात राहिला. घरच्या माणसांच्या कामाचे तास मात्र कोणी विचारले नाहीत. शिकवणे, आहारवाटप, वजने, नोंदवह्या असे सारे एकाच सेविकेकडे, आणि केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेले तिचे मूळ मानधन दरमहा ४,५०० रुपये. राज्ये त्यात आपली भर घालतात. तिने संध्याकाळपर्यंत थांबावे, असे या मोबदल्यात कोणत्या तोंडाने म्हणायचे?

२०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. ती पानिपतसारख्या कामगारवस्त्यांत आधी पोहोचली पाहिजे, दुसऱ्या सेविकेसह आणि पूर्ण पाळीच्या वेळेत. आणि ११ व्या कलमातले ‘शकेल’ काढून तेथे ‘करील’ लिहिण्याचे काम संसदेचे आहे.