कारखान्याआधीचा इंद्रायणीकाठ

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगायला बसले की बहुतेक जण १९५४ पासून सुरुवात करतात. त्या साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, मागोमाग मोटारी आणि स्कूटरी बनू लागल्या. चाकणची पाळी शतक बदलताना आली. त्याआधी इथे काय होते, असे विचारले तर ‘शेती’ एवढ्या एका शब्दात उत्तर मिळते. कसली शेती, कोणाची, तिच्यावर किती घरांचे भागत होते, हे कोणी फारसे विचारत नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण कारखान्यांनी शेतकऱ्याला शेतातून ओढून नेले ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. जुने कागद वेगळे काही सांगतात.

आणि कागद भरपूर आहेत. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८१९ साली, एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. पुण्याच्या रेसिडेन्सीतला डॉक्टर थॉमस कोट्स याने पुण्याजवळच्या लोणी गावाची घरे, माणसे, गुरे, अवजारे, पिके अशी बारकाईने पाहणी केली आणि १८२० मध्ये ती मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचली. महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा झाला. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॅम्पबेलच्या संपादनाखाली पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर तीन भागांत निघाले. सरकारी नजर आणि फुल्यांची नजर एकाच दशकात याच कुणब्यावर पडलेली आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की चित्र भरत जाते.

आधी जमीन पाहू. इंद्रायणीकाठची आळंदी खेड तालुक्यात येते. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर, तिथे भीमा उगम पावते. दक्षिणेला लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. मध्ये भामेचे खोरे. खाली सगळा काळा पाषाण, वर मातीचा थर कुठे पुरुषभर, कुठे वीतभर. पावसाचा हिशेब तर विलक्षण आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला, आळंदी-चाकणच्या पठारावर, सहाशे-सातशे पडला तरी बरे साल म्हणायचे. म्हणून एकाच तालुक्यात दोन मुलूख नांदत होते. डोंगरपट्ट्यात भात, नाचणी, वरई. पठारावर बाजरी, तिच्यात तूर, मटकी, हुलगा. आणि काळ्या रानात रब्बीचा शाळू, हरभरा, गहू, करडई.

डोंगरातला महादेव कोळी आणि ठाकर राब भाजून शेती करायचा. झाडांचा टहाळ, शेण, पालापाचोळा वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात जाळायचा, त्या राखेत भाताचा रोपा टाकायचा, मग आषाढात चिखलात लावणी. उतारावर दळी पाडून दोन-चार वर्षे नाचणी-वरई घ्यायची आणि जमीन पडीक टाकायची. १८७८ च्या जंगल कायद्याने या शेतीच्या पोटावरच पाय आला. जंगल राखीव झाले की टहाळ नाही, टहाळ नाही तर राब नाही. जंगलखात्याने गायराने आणि राने बंद केली म्हणून फुले ‘असूडा’त संतापतात. त्याआधीच डोंगरातला असंतोष पेटलेला होता. जांभोरीचा होन्या केंगले १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध उठला आणि १८७६ मध्ये पकडला गेला. त्याच्यासारख्यांना सरकारी दप्तराने दरोडेखोर ठरवले. डोंगरातल्या माणसांनी त्यांना आपले मानले.

पठारावरची माती चार-पाच जातींची: काळी, तांबडी, बरड, माळाची मुरमाड आणि नदीकाठची मळई. काळ्या रानात नांगर घालायचा तर सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत, आणि एवढे बैल कोणा एकाच्या दावणीला नसत. म्हणून सावड, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने बैल आणि हात लावायचे. नांगरणी, कुळवणी, मृग लागला की पाभर, मग कोळपणी, खुरपणी. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी अवजारे, तीही बाभळीच्या लाकडाची, गावच्या सुताराने केलेली.

विहिरीवरची बागाईत थोडी, पण जीव लावून केलेली. मोट हा प्रकार आता ज्यांनी पाहिला आहे ते सत्तरीच्या घरात असतील, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. कातड्याची मोठी पिशवी, तिच्या खालच्या अंगाला सोंड. वरच्या तोंडाला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून उताराला जात तशी भरलेली मोट वर येई. काठाशी आल्यावर सोंड आपोआप थारोळ्यात पडे, पाणी रिकामे होई, तिथून पाटाने वाफ्यात. बैल मागे पावले टाकत पुन्हा चढावर येत. मोट हाकणारा एक आणि दारे धरणारा एक, अशी दोन माणसे आणि बैलजोडी दिवसभर राबली तर काही गुंठे भिजत. त्या पाण्यावर भाजीपाला, मिरची, ऊस, कांदा होई. खेड-जुन्नरच्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात बटाटा रुजला तो असा रुजला की आजही मंचर-खेडची ओळख त्याच्यावाचून पुरी होत नाही. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या ज्या राशी दिसतात, त्यांची मुळे कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहेत.

गाव चालत होते ते पाटील, कुलकर्णी, चौगुला यांच्या हुकमावर आणि बलुतेदारांच्या कष्टावर. बाजरी खळ्यावर आली, तिवड्याभोवती बैलांची पात फिरली, वावडीवर उभे राहून उपणणी झाली, की धान्य घरात जायच्या आधी सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव यांचा वाटा निघे. महार आणि मांग यांच्या वाट्याला गावची सगळ्यांत जड कामे होती. वेशीची राखण, सारा पोचवणे, सांगावे नेणे, मेलेली गुरे ओढणे. त्यांच्या बलुत्याला हक्क म्हणायचे की बांधलेपण, याचे उत्तर गावात कुठे उभे राहून पाहता त्यावर अवलंबून आहे. एल्फिन्स्टनला ही ग्रामसंस्था फार आवडली. तिच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

वारी या शेतीच्या पंचांगातच बसलेली आहे. आळंदीहून माउलींची स्वतंत्र पालखी काढण्याचे श्रेय हैबतबाबा आरफळकरांना जाते. हा काळ १८३० च्या आसपासचा, म्हणजे इंग्रजी अंमलातला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे तेव्हापासून सोहळ्यात आहेत. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. मृगाने वेळेवर साथ दिली तर पेरून निघायचे, नाही दिली तर घरच्यांवर सोपवून. कार्तिकी वारीचे दिवस मात्र कुणब्याला सोयीचे. बाजरी खळ्यावरून घरात आलेली, शाळू उगवून वर आलेला, हाताला थोडी उसंत. समाधीच्या दर्शनाला येणारा मनुष्य तेव्हा शेतकरीच होता, आणि त्याच्या गाठोड्यात भाकरी घरच्या बाजरीची असे.

आता साऱ्याकडे वळू, कारण खरा बदल तिथे झाला. पूर्वी गावात थळे, म्हणजे घराणेवार जमिनी, असत; थळावर मिरासदाराचा वंशपरंपरेचा हक्क असे, आणि बाहेरून आलेला उपरी कराराने कसत असे. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ पासून नवी मोजणी केली ती इतकी फसली की रयत गावे सोडून गेली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नव्याने सुरुवात केली: जमिनीचे नंबर पाडायचे, मगदुराप्रमाणे आकार बसवायचा आणि तो तीस वर्षे कायम ठेवायचा. सुरुवातीला साऱ्याचा भार हलका झाला, पडीक रान लागवडीखाली आले, हे मान्य करायला हवे. पण नंबर ज्याच्या नावावर, त्याला तो गहाण टाकता येऊ लागला, आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या हाती आला. कर्ज नवे नव्हते. कोट्सच्या लोणीतही बहुतेक शेतकरी कर्जदारच होते. नवे होते ते कर्जापायी जमीन जाणे.

अमेरिकेतल्या यादवीने १८६० नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, सावकाराने मोकळ्या हाताने कर्ज दिले. यादवी संपली, भाव कोसळले आणि त्याच सुमाराला साऱ्याची फेरआकारणी आली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले गेले. रोखे जळणे हाच त्या दंग्याचा हेतू होता. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला तो त्यामुळेच. मध्ये १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला होता. १८८१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या नऊ लाखांच्या घरात भरली, नऊ वर्षांपूर्वीपेक्षा कमी. दुष्काळी काम म्हणून नीरेचा डावा कालवा निघाला आणि बारामतीकडचे चित्र पालटले. खेड तालुक्याला तसा कालवा मिळाला नाही. चासकमानचे पाणी यायला पुढचे शतक सरत आले. तालुक्याच्या नशिबातला हा फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो. पाणी वेळेवर आले असते तर पठाराने कारखान्याकडे कोणत्या अटीवर पाहिले असते, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

दरम्यान १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे धावू लागली, आणि १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. या पट्ट्यातली कारखान्याची वाट तेव्हापासूनची आहे. तिच्यावरून चालत जाणाऱ्या माणसांचा हिशेब हॅरॉल्ड मॅन यांनी मांडला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्राचार्य; त्यांनी आपल्या मराठी सहकाऱ्यांबरोबर पिंपळे सौदागर हे पवनाकाठचे गाव घरन्‌घर तपासले आणि १९१७ मध्ये पुस्तक छापले. जुन्या दप्तरातून त्यांनी काढलेले आकडे असे: एका खातेदाराची जमीन १७७१ मध्ये सरासरी ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४, आणि १९१४-१५ मध्ये ७. शिवाय १५६ मालकांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे.

तुकडे इतके का? भावाभावांत वाटणी होताना एकाने काळी घ्यावी आणि दुसऱ्याने बरड, हे कोणाला मान्य होईल? विहिरीखालचे रान एकाला आणि माळ दुसऱ्याला, हेही नाही. म्हणून प्रत्येक वावराचे तुकडे पडत. वाटणी न्यायाची होई आणि वाटे निकामी. तीन पिढ्यांत बांध वाढले, रान आटले. याला कोणा कारखानदाराने हात लावला नव्हता.

मॅन यांनी १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला. नुसत्या जमिनीवर ज्यांचे भागते अशी घरे निघाली ८. बाहेरची मजुरी धरून भागते अशी २८. बाहेरची मजुरी धरूनही भागत नाही अशी ६७. गावातले कितीतरी जण तेव्हाच खडकीला कामाला जात होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पायाभरणीला अजून जवळजवळ चार दशके बाकी होती.

पिंपळे सौदागरात आज उंच इमारती आहेत आणि सात-बाऱ्यांची जागा सोसायट्यांनी घेतली आहे. खेड तालुक्यात मात्र मॅन यांचा तो मधला, २८ घरांचा गट गावोगाव भेटतो. एक भाऊ चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, दुसरा कांद्याच्या रोपात, आई-वडिलांच्या नावावर काही गुंठे, आणि उरलेल्या नंबरावर चुलत्या-पुतण्यांची पंधरा-वीस नावे. जमीन संपादनाचा पैसा आला तेव्हा तोही याच नावांत वाटला गेला. ज्या घरी नावे कमी होती तिथे बंगला उभा राहिला, जिथे जास्त होती तिथे एखादी मोटारसायकल आली. त्या घरातला मुलगा ठेकेदाराकडे हंगामी कामावर आहे, आणि दावणीची बैलजोडी विकून आता वीस वर्षे होत आली.