खोट गाण्यात की खोलीत?

घरी गाणं रेकॉर्ड करायला आता फार काही लागत नाही. बरासा माइक, ऑडिओ इंटरफेस, लॅपटॉप आणि फुकट मिळणारं एखादं सॉफ्टवेअर एवढ्यावर भागतं. अभंग, भावगीत, रॅप, सगळं बेडरूममध्ये तयार होतं. कुरकुर सुरू होते ती नंतर. रात्री जागून जमवलेलं गाणं सकाळी गाडीत लावावं, तर डग्गा दारं हादरवतो आणि गायिकेचे शब्द त्याखाली चेपून जातात. मग मास्टरिंग करताना, म्हणजे तयार मिक्सवरून शेवटचा हात फिरवताना, सगळी भिस्त इक्वलायझरवर येते.

इक्वलायझर म्हणजेच ईक्यू. आवाजातल्या ठरावीक वारंवारितेचा पट्टा तो वर उचलतो किंवा खाली दाबतो. टेलिफोनच्या लांबलचक तारांमधून जाताना बोलण्यातला वरच्या पट्टीचा भाग जास्त क्षीण व्हायचा. ती तूट भरून काढायला असली मंडलं वापरात आली. तेव्हा तूट कुठे आहे हे इंजिनिअरला मोजता येत होतं. घरी मास्टरिंग करणाऱ्याची पंचाईत नेमकी इथेच होते. तूट कुठे आहे हे तो कानाने ठरवतो, आणि पहिली फसवणूक त्याची खोलीच करते.

दहा बाय बाराची खोली घ्या. बारा फुटी लांबीत ४७ हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी चपखल बसते आणि ९४ हर्ट्झची पूर्ण. त्यामुळे या वारंवारिता समोरासमोरच्या भिंतींवर आपटून खोलीत ठाण मांडतात. त्यांनाच स्थिर लहरी म्हणतात. ९४ हर्ट्झच्या लहरीचा दाब भिंतींपाशी आणि मधोमध कमाल असतो, आणि दोन्ही भिंतींपासून तीन-तीन फुटांवर जवळपास शून्य. आता टेबल कुठे असतं? आखूड भिंतीला टेकून. त्यावर स्पीकर, समोर खुर्ची, म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं भिंतीपासून साधारण तीन फुटांवर. डग्गा घुमतो तो याच वारंवारितेच्या टापूत, आणि नेमका तोच त्या जागी ऐकू येत नाही. ऐकणारा बिचारा ईक्यूवर ९० हर्ट्झच्या आसपास सहा डेसिबल चढवतो, म्हणजे तिथली लहर दुप्पट उंच करतो. तरी त्या खुर्चीत फारसा फरक पडत नाही, कारण थेट येणारी लहर वाढली तशी तिला खोडणारी परावर्तित लहरही वाढली. गाडीत मात्र खोडायला कोणी नसतं. तिथे वाढवलेला डग्गा पुरेपूर वाजतो. खुर्ची दीड फूट मागे सरकवली असती तर काम झालं असतं, खर्च शून्य.

दुसरी फसवणूक कानाची. बेल लॅबमधल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की कान सगळ्या वारंवारिता सारख्या न्यायाने ऐकत नाही, आणि हा पक्षपात आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच १०० हर्ट्झचा वाटायला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आवाज वाढवला की ही दरी कमी होते. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हळू आवाजात काम करणाऱ्याला खर्ज कमीच वाटणार, आणि तो वाढवणार. उलट तीन हजार हर्ट्झच्या आसपास कान भलताच तिखट असतो, कारण अडीच सेंटिमीटरची कर्णनलिका त्या भागात स्वतःच अनुनाद देते. त्या पट्ट्यात एक डेसिबल वाढवला तरी शब्द पुढे आल्यासारखे वाटतात. शब्दांसोबत तबल्याची चाटी आणि झांजाही पुढे येतात, कारण मास्टरिंगमध्ये हातात असतो तो एकच गोळा झालेला ट्रॅक. पोळीतलं मीठ एका घासापुरतं कमी करता येत नाही, तसंच हे.

तयार प्रीसेट्सबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आधीच बेतून ठेवलेल्या ईक्यूच्या मांडण्यांबद्दल, माझं मत फारसं बरं नाही. ते बहुतेक ड्रमसेट आणि गिटार डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. तंबोऱ्याची जवारी ही वरच्या उपस्वरांची श्रीमंती आहे, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. कर्कशपणा काढतो म्हणणाऱ्या प्रीसेटला ती खरखर वाटते आणि तो तिच्यावरच कात्री चालवतो.

घरच्या रेकॉर्डिंगचं आणि मास्टरिंगचं जुनं भांडण पाहायचं तर अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घ्यावा. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरी, चार ट्रॅकच्या टिअ‍ॅक कॅसेट रेकॉर्डरवर त्याने ती गाणी नमुना म्हणून ध्वनिमुद्रित केली. नंतर बँडसह पुन्हा करून पाहिली, पण कॅसेटचा गुण काही उतरेना. शेवटी कॅसेटच प्रसिद्ध करायचं ठरलं, तर ती तबकडीवर नीट उतरेना! अनेक ठिकाणच्या खटपटीनंतर ते साधलं. कॅसेटची खरखर गाण्यांत तशीच राहिली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. गायिका बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बमही भावाच्या बेडरूममध्ये घडला, पण त्याचं मिक्सिंग आणि मास्टरिंग दुसऱ्याच दोघांनी केलं. परक्या कानाला तुमच्या खोलीची सवय नसते, हा त्याचा मोठा फायदा.

परका कान परवडत नसेल तर निदान एवढं करा. आपल्या गाण्यासोबत त्याच धाटणीचं, मन लावून केलेलं एखादं गाणं त्याच स्पीकरवर ऐका. खोली दोघांनाही सारखीच फसवते. ईक्यू लावण्याआधीचा आणि नंतरचा आवाज एकाच पातळीवर आणून मगच तुलना करा, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. आणि कुठल्याही पट्ट्यात तीन डेसिबलपेक्षा जास्त फेरफार करावासा वाटला, तर मास्टरिंग तिथेच थांबवा आणि मिक्सची फाइल उघडा. गाणं घरचं आहे, डग्ग्याचा वेगळा ट्रॅक तुमच्याकडेच आहे.