पहाटेचं स्वप्न

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण पहाटेचंच स्वप्न लक्षात का राहतं, याचं उत्तर मात्र विज्ञानानं दिलं आहे.

आमचे अब्बा गेले त्या वर्षीची गोष्ट. अम्मा सारखी म्हणायची, ‘‘ते तुमच्या सगळ्यांच्या स्वप्नात येतात, माझ्याच येत नाहीत. रुसले असतील.’’ चाळीस वर्षांचा संसार. तिला ते फार लागलं होतं. मला काय बोलावं कळेना.

शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी झोपेचा अभ्यास करत होता. त्यानं आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ यंत्राच्या तारा चिकटवल्या आणि त्याला झोपवलं. रात्री कागदावरची लेखणी एकाएकी जोरजोरात नाचू लागली. त्याला वाटलं, पोरगं जागं झालं. जाऊन पाहतो तर मुलगा झोपलेलाच. मिटल्या पापण्यांआड बुबुळं तेवढी भिरभिरत होती!

१९५३ साली त्यानं आणि त्याचे मार्गदर्शक नथॅनिअल क्लाइटमन यांनी हा शोध प्रसिद्ध केला. बुबुळं फिरत असताना झोपलेल्यांना २७ वेळा उठवलं, तेव्हा २० वेळा त्यांनी स्वप्न तपशीलवार सांगितलं. बुबुळं स्थिर असताना २३ वेळा उठवलं, तर १९ वेळा काहीच आठवेना.

आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त. बुबुळं फिरण्याचा काळ पहिल्या फेरीत जेमतेम दहा मिनिटांचा; पुढे तो वाढत जातो आणि पहाटे सगळ्यात लांबतो. आपण जिला साखरझोप म्हणतो, ती अशी स्वप्नांनी भरलेली असते. त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच काम करतो, पण हातापायांचे स्नायू लुळे पडतात. म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच राहतो.

इतर झोपेतही स्वप्नं पडतात, पण ती बहुधा पुसट. आणि ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ म्हणणाऱ्यांनाही ती पडतात. आठवत नाहीत एवढंच. स्वप्न चालू असताना जाग आली तर ते हाती लागतं. तेही लगेच धरून ठेवावं लागतं. उठून कामाला लागलं, की विरून जातं.

अम्मा एरवी अजानच्या आधी आपसूक उठायची आणि लगेच चुलीपाशी जायची. मग रमजान आला. सहरीचा गजर तिला साखरझोपेतून ओढून काढायचा. एका पहाटे ती ताटावर नुसतीच बसून राहिली. म्हणाली, ‘‘आज आले होते. बोलले नाहीत काही. ओट्यावर बसले होते, नेहमीसारखे.’’

त्या दिवशी तिनं दोन घास जास्त खाल्ले.

पुढे झोपेविषयी वाचलं, तेव्हा तिला सांगितलं, ‘‘अम्मा, अब्बा रुसले नव्हते. आधीही येत असतील. तुला जाग येत नव्हती, एवढंच.’’

तिनं मान डोलावली. ‘‘मला ठाऊक होतं,’’ म्हणाली.